जरा हळू म्हणा

टाचणी परत टोचली, कानाच्या जरा वर, जिथे सरोजिनीवहिनींनी मुंडावळ्या केसांत अडकवल्या होत्या. मुंडावळ्या भाच्याच्या मुंजीतल्या, दोरा आखूड; नव्या आणायच्या तर जबलपुरात कमानिया गेटापाशी दुकानदाराने विचारलं असतं, कुणाचं लग्न? मग काय सांगायचं... विनतेचं? आठ वर्षांपूर्वी कुंकू पुसलेल्या विनतेचं? टोचू दे, तिने मनाशी म्हटलं, आणि हात वर नेला नाही.

समोर तळं होतं. चहूकडे डोंगर, साग, पाण्यावर कोवळं ऊन... कुणालाही आवडावं असंच, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. मझौली मागे टाकून मोटारीने किती वेळ आलो, मग अर्धा कोस पायी! 'निसर्गाच्या सान्निध्यात, विनू, ऋषिमुनींच्या काळासारखं!' महिनाभर भय्यासाहेब हेच घोकत होते. तिचे थोरले भाऊ, नावाजलेले वकील. विधवाविवाहावर सभेत बोलायला उभे राहिले की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागायचे. ती भाषणं स्वच्छ अक्षरात उतरवून कोण देत होतं? मीच... मूर्ख! आणि बहिणीची वेळ आली तेव्हा दारात मांडव नाही, शेजारी कळवायचं नाही, आईला ऐन वेळी सर्दी झालेली. पहिल्या लग्नात, ती तेव्हा सोळाची, याच माणसाने सदरच्या छावणीतून पलटणीचा बँड आणला होता आणि वरात मुद्दाम लांबच्या रस्त्याने फिरवली होती. तो नवरा दीड वर्षात विषमज्वराने गेला. त्याचा चेहरासुद्धा आता तिला नीट आठवत नव्हता. त्याच्यासाठी बँड, आणि अच्युतसाठी, ज्याला तिने स्वतः, दोन वर्षं पुस्तकांची देवघेव करता करता, पारखून निवडलं होतं, त्याच्यासाठी हे सुंदर, निर्मनुष्य तळं. संध्याकाळी सिहोऱ्याहून परस्पर सागरची गाडी, पुढचं बिऱ्हाड तिथेच. जबलपुरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं होतं — म्हणजे भय्यासाहेबांनी ठरवलं होतं.

मी काय कुणाचं चोरून आणलंय?

अंतरपाट धरला गेला, एक टोक भय्यासाहेबांकडे, दुसरं वहिनींकडे. मंडल्याहून गुपचूप आणलेल्या विष्णुपंत भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. आवाज खणखणीत, डोंगरावर आपटून परत येऊ लागला. पलीकडच्या काठावर मोळी बांधणारी एक बाई मान वर करून बघत राहिली.

"विष्णुपंत," भय्यासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "जरा हळू म्हणा ना. इतकं जोरात काहून म्हणून राहिले?"

"अहो साहेब, इथं ऐकायला आहे कोण?"

"तरी पण. धीरे, जी."

विनतेच्या कानशिलांत रक्त चढलं. इथेसुद्धा! रानात, एका मोळीवालीसमोरसुद्धा या माणसाला माझी लाज वाटते! तो अंतरपाटाचा पंचा ओढून काढावा, तळ्यात भिरकावून द्यावा... आणि मग तिला पहाट आठवली. मोटार सदरमधून जात होती, तेव्हा तोंडावर पदर तिने आपणहून ओढला होता. कुणी सांगितलं नव्हतं. ही आठवण भय्यासाहेबांपेक्षा जास्त झोंबली. इतकी, की आता चीड कुणाची करावी हेच तिला कळेना.

'सावधान' कुजबुजत आलं. अंतरपाट बाजूला झाला. समोर अच्युत, घामेजलेला, हसरा.

"घाल माळ, विनू," भय्यासाहेब म्हणाले. "मुहूर्त टळून राहिला."

तिने माळ उचलली, आणि हात छातीशीच थांबले.

"ऐका," ती अच्युतला म्हणाली. "उद्या आपण आधी जबलपूरला जाऊ. कमानिया गेटातून, दिवसाढवळ्या, पायी. मग सागर. याल ना?"

अच्युतने तोंड उघडलं. पण शब्द यायच्या आधी त्याची नजर भय्यासाहेबांकडे गेली. क्षणभरच. तिने ती पाहिली.

"विनू, हे काय नवीन? चलो, घाल लवकर!"

"मी यांना विचारलंय, भय्या."

आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं. राग होता तसाच होता. अच्युत आता तिच्याकडे बघत होता, गोंधळून, जणू आजच ओळख झाल्यासारखा. हो म्हणेल, नाही म्हणेल... तिला सांगता येईना. वहिनींनी मागून तिच्या कोपराला हात लावला. तिने तो झटकला. आठ वर्षं ती थांबली होती. आता जरा यांनी थांबावं.