खाटेच्या पायथ्याची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. खरे तर अर्धीच आहे. माझा उरलेला भाग कुठे गेला तेही सांगते, पण आधी माझा जन्म ऐका.

मी बाजारातून आणलेली नाही. एका गादीवालीने मला घरी वळले. खोळीचे कापड बेतून झाले की निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या चिंध्या उरत. त्या तिने ओल्या केल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरले, तीन पेडांची घट्ट वेणी घातली आणि मी झाले. मी जाड होते, मऊ होते, दिसायलाही बरी होते. स्वतःचे कौतुक स्वतः करू नये, हे मला कळते. पण आता ते करायला दुसरे कोणी उरलेले नाही.

तयार गादीची वळकटी करायची, तिच्यावर गुडघा रोवायचा, मला करकचून आवळायचे आणि वर गाठ मारायची, हे आमचे रोजचे काम. ती गाठ खास तिची होती. गाडीवर कितीही हिसके बसले तरी ती सुटत नसे, पण गिऱ्हाइकाच्या दारात सुटे टोक ओढले की एका झटक्यात मोकळी. मुलगा धंद्याला लागला तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा हीच गाठ शिकवली. "टोक नेहमी ज्याची गादी त्याच्या हाताशी सोडायचं," ती सांगे. "सोडणाऱ्याला शोधत बसायला लागू नये."

एका सकाळी गादी आवळता आवळता मी तिच्या हातातून निसटले. तिचा उजवा हात लुळा पडला होता, पायही तसाच, आणि तोंड वाकडे झाले होते. जन्मभर लोकांच्या पाठीखाली कापूस घालणारी बाई खाटेला खिळली आणि तिच्याच पाठीला जखमा झाल्या. देवाने चांगली थट्टा केली, असे शेजारी म्हणाले. ती मात्र तसे कधी म्हणाली नाही.

ती देवाशी रोज बोलत असे. समोर काही मांडायचे नाही, पाठ केलेले काही म्हणायचे नाही. डोळे मिटायचे आणि कालचे सगळे त्याच्या कानावर घालायचे. नेम एकच, की बसून बोलायचे. "घरी कोणी आलं तर आपण लोळत बोलतो का?" असे तिचे म्हणणे. म्हणून तिने सुनेकडून मला खाटेच्या पायथ्याच्या दांडीला बांधून घेतले आणि माझ्या अंगावर मुठीत बसतील अशा गाठी मारून घेतल्या. डाव्या हाताने एकेक गाठ पकडत ती स्वतःला ओढून बसवी. घामाघूम होई, जखमा ओल्या होत. पण बसली की तिचे वाकडे तोंडही मला सरळ वाटे.

एकदा ती बसल्या बसल्या कलंडली आणि खाली पडली. मुलाला दुकान टाकून यावे लागले. त्याने तिला उचलले आणि खाटेवर टाकले. ठेवले नाही, टाकले.

"कशाला उठतेस? झोपलेल्या माणसाचं तुझा देव ऐकत नाही का?"

"ऐकतो रे. मलाच बरं वाटत नाही."

"आता मला बरं वाटेल असं करतो," तो म्हणाला, आणि माझ्या मोकळ्या टोकाने त्याने तिचा डावा हात खाटेच्या कडेला बांधला.

मित्रांनो, सवय काही जात नाही. रागाच्या भरातही त्याच्या बोटांनी तीच गाठ मारली आणि टोक तिच्या बाजूला सोडले. हात अडकला होता, पण दात होते. फार नव्हते, पण कामापुरते होते. तो दुकानात गेला की ती मान वळवून टोक दातांत धरी, झटका देई आणि उठून बसे. देवाशी बोलणे झाले की आडवी होई, मला पुन्हा मनगटाभोवती घेई आणि दातांनी, बोटांनी तीच गाठ मारून ठेवी. संध्याकाळी मुलगा गाठ बघून समाधानाने मान हलवी. मला हसू आवरत नसे. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस तेच.

मग एकदा सुनेने पाहिले. ती दुष्ट नव्हती, थकलेली होती. सासूची खराब झालेली चादर रोज धुऊन तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. तिने नवऱ्याला सांगितले. त्याने निरगाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली आणि वर पाणी ओतले, म्हणजे वाळताना मी आणखी आवळली जाईन. हेही त्याला आईनेच शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी तिने दातांनी मला ओढून ओढून पाहिले. हिरड्यांतून रक्त आले, एक दात माझ्या पेडात अडकून निघाला. मग ती थांबली. छताकडे बघत मोठ्याने म्हणाली, "देवा, आज मला उठता येत नाही. तू वाक जरा."

मी तिच्या मनगटाला चिकटलेली होते, म्हणून सांगते. ताणलेला तो हात सैल पडला. हरलेला हात कसा पडतो ते मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. कोणी तरी हातात घेतल्यावर हात निवांत व्हावा, तसा तो झाला. त्यानंतर तिने मला एकदाही ओढले नाही. रोज एवढेच म्हणे आणि मग नेहमीसारखी बोलत राही.

सून पाणी घेऊन आली तर म्हणे, "अगं, आधी तुझ्या हातांना तेल लाव. मी कुठे पळून जातेय?" सून दाराआड जाऊन रडली. गाठ मात्र तिनेही सोडली नाही. "आता देवालाच कामाला लावलंय हिने," मुलगा म्हणे आणि चपला घालून निघे.

एके दिवशी ती "तू वाक जरा" म्हणाली आणि पुढचे बोलणे झालेच नाही. बाहेर माणसे जमली. मुलगा गाठ सोडायला बसला. नखे लावून पाहिली, दातही लावले. सुटेना. शेवटी त्याने दुकानातली मोठी कात्री आणली आणि मला मधोमध कापले. मनगटावरचा माझा भाग तिच्याबरोबर गेला. मी पायथ्याला उरले. मला सोडून ठेवायचे कोणाला सुचले नाही.

आज त्याच खाटेवर मुलगा झोपलेला आहे. गाद्यांची थप्पी अंगावर कोसळून त्याची कंबर गेली. दुकान सून बघते. दिवसभर तो एकटा असतो आणि बसावेसे वाटले की माझ्याकडे हात लांबवतो. बोटे आणि मी, मध्ये वीतभर अंतर राहते. तेवढे त्यानेच कापलेले आहे.

परवा त्याने बराच वेळ धडपड केली. मग हात खाली टाकला, छताकडे बघितले आणि चाचरत म्हणाला, "देवा, मला उठता येत नाही. तू वाक जरा." थोड्या वेळाने रडत विचारले, "तिच्यासाठी वाकला होतास ना रे?"

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी खाटेवर असेल तर त्याच्या आधाराची दोरी त्याच्या हाताला पोहोचते का, हे एकदा बघा. बांधायचीच वेळ आली तर टोक त्याच्या बाजूला सोडा. मी तुमच्याकडे एवढेच मागते.

त्याने जे विचारले त्याचे उत्तर मला माहीत आहे, मी तिच्या मनगटावर होते. पण ते त्याला सांगणार कसे? मी त्याच्या हातापर्यंत पोहोचत नाही.