निजवलेली यंत्रं

सुकेशनीनं संगणकावरचा झेंडू बाजूला सारला आणि बटण दाबलं. पडदा उजळला, पण झालेल्या कामाचा आकडा शून्य! दुसरा संगणक, तिसरा, दहावा... सगळीकडे शून्यच.

कन्नड तालुक्यातल्या विहिरींचं पाणी पुढच्या वीस वर्षांत किती खोल जाईल, हे तिच्या संशोधनाचं गणित. मुक्त स्रोताच्या एका फुकट सॉफ्टवेअरनं ते प्रयोगशाळेतल्या चाळीस संगणकांना वाटून दिलं होतं. अकरा दिवसांचं काम आज पुरं व्हायचं होतं. प्रबंध द्यायला उरले होते सहा दिवस. ते चुकले की पाच वर्षांची नोंदणीच रद्द.

पुंजाराम शिपाई दारात उभा होता, तोंड एवढंसं करून.

"ताई, परवा खंडेनवमी व्हती. हत्यारं पुसून, पूजा करून निजवायची असतेत. म्हटलं, हे बी हत्यारच. मेन स्विचच खाली वढला."

विभागप्रमुख मुनीब सर आले ते तापूनच.

"पुंजाराम, पिशवी उचल अन् घरी जा. कंत्राटदाराला दुसरा माणूस मागतो मी."

पुंजाराम पिशवी उचलून बाहेर गेला. सर सुकेशनीकडे वळले.

"तू अर्ज लिही. शिपायाच्या चुकीनं नुकसान झालं म्हण. तीन महिन्यांची मुदत मिळवून देतो."

तिनं कागद ओढला, पण पेन पुढं सरकेना. झालेलं काम दर तासाला जपून ठेवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. वीज गेली तरी तिथूनच पुढं सुरू. काम जरा भरभर व्हावं म्हणून तिनंच ती सोय बंद केली होती. मेली घाई! आणि हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सर, चूक पुंजाराममामांची नाही. माझी आहे," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"असं लिहिलंस तर मुदत नाही मिळायची, बेटा."

"माहीत आहे, सर."

तिनं तसंच लिहिलं. सही करून कागद सरांपुढं ठेवला. "पुंजारामला आत बोलाव," सर म्हणाले.

पुंजाराम व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"मामा, पिशवी आत ठेवा. सरांचा राग गेलाय."

तो धडपडत उठला.

"आन् तुमचं, ताई? दिली का मुदत सरांनी?"

"दिली की," सुकेशनी म्हणाली.