हँडब्रेक सोडायचा राहिला

माणूस ओळखायचा असेल तर त्याची गाडी वर उचलावी आणि खालून बघावी, असं गॅरेजवाल्या उस्तादांचं ठाम मत होतं. वरून काय, सगळेच धुऊनपुसून येतात. यावर त्यांची बायको म्हणायची, हे अगदी खरं आहे, कारण पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा हे गृहस्थ माझ्याशी दोन शब्द बोलले आणि माझ्या भावाच्या मोटरसायकलपाशी तासभर उकिडवे बसून राहिले. भावानेच मग घरात येऊन सांगितलं, की माणूस बरा दिसतोय, न सांगता चेन घट्ट करून दिली.

तर अशा माणसाची एकुलती एक लेक लग्न करायचं म्हणत होती. चांगली थोराड बाई झाली तरी घरात ती चिमीच. गॅरेजला लागणारे सुटे भाग ती बघायची आणि जुनी व्हॅन दामटत गावभर हिंडून सामान आणायची. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, म्हणून घरात त्याचं नाव चष्मेवाला पडलं. चिमीने बापाला स्वच्छ सांगितलं होतं, की तुम्ही नाही म्हणालात तरी मी लग्न करणारच, पण मग मला वाईट वाटेल. नुसतं "करणारच" म्हणाली असती तर उस्तादांनी आवाज चढवला असता. त्या वाईट वाटण्याने त्यांची बोलतीच बंद झाली. पोरीला दुखवायचं नाही आणि मन मारून होकारही द्यायचा नाही, अशा कात्रीत ते सापडले. शेवटी त्यांनी निरोप धाडला, की रविवारी या, आणि येताना गाडी घेऊन या.

चष्मेवाला आला. गल्लीच्या तोंडापासून गॅरेजच्या दारापर्यंत यायला त्याला इतका वेळ लागला, की तेवढ्यात उस्तादांचा चहा पिऊन झाला. दारातच गाडी आचका देऊन बंद पडली. सासऱ्याचा धाक, दुसरं काय, असं समजून उस्ताद मनातल्या मनात सुखावले. मुलगा ताडमाड उंच होता आणि बोलायला मऊ. नमस्कार करून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "काका, तुमचा चष्मा देता का? एका अंगाला कललाय." खिशातून करंगळीएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने उभ्याउभ्याच दांडी सरळ केली, काचा पुसल्या आणि चष्मा परत दिला. किती महिने उस्ताद मान तिरकी करून काम करत होते, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. खिशात स्वतःचं हत्यार बाळगणारा माणूस त्यांना पहिल्या फटक्यात आवडला.

मग गाडी लिफ्टवर चढली आणि सगळं मुसळ केरात गेलं. पुढचं डावं टायर पार गुळगुळीत झालं होतं आणि उजवं जवळजवळ नवं. चाकाच्या वरच्या खोबणीत जळलेल्या रबराचे काळे गोळे चिकटले होते. इंजिनाला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर उभं फाटलं होतं. क्लचच्या घराजवळ नाक नेलं तर करपलेला वास. गाडी जागेवर जखडून ठेवायची, चाकं गरागरा फिरवायची आणि टायर जाळून धूर काढायचा, या उद्योगाला हल्लीची मंडळी बर्नआउट म्हणतात. उस्ताद त्याला छळ म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी अशा कितीतरी गाड्यांची उस्तवार केली होती, पण त्यांतल्या एकाही मालकाला जावई करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

बायको आणि चिमी घरातून खायचं घेऊन बाहेर आल्या, तेवढ्यात उस्तादांनी हात पुसत विचारलं, की या गाडीवर बर्नआउट कोण करतं. चष्मेवाल्याने एकदा चिमीकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "मीच, काका."

चिमी मधे पडायला गेली. बर्नआउटने टायर सोडून बाकी काही बिघडत नाही ना, असं तिने जरा घाईनेच विचारलं. झालं, उस्तादांचा तोफखाना सुरू झाला. एखाद्या वेळेला टायरवर भागतं, ते म्हणाले. पण चटक लागली की क्लच जळतो, माउंटिंग फाटतं, शाफ्टचे सांधे कटकट करायला लागतात, आणि एकच चाक गरगरलं की दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल आतल्या आत झिजतो. धूर दिसतो टायरचा, पण मार बसतो सगळ्या गाडीला. आणि जो मुक्या गाडीचे असे हाल करतो तो माझ्या पोरीला काय सांभाळणार, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. बायकोने डोळे वटारले म्हणून ते गिळून त्यांनी दुसरंच विचारलं, की हे तुम्ही नेमकं करता कसं ते तरी सांगा.

चष्मेवाल्याला घाम फुटला. ब्रेक गच्च दाबून धरतो, तो म्हणाला, क्लचही दाबून धरतो आणि त्याच वेळी रेस पूर्ण दाबतो.

"तिन्ही एकदम?" उस्ताद म्हणाले. "पाय किती आहेत तुम्हाला?"

बायकोला हसू आवरेना. उस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी गाडी खाली उतरवली, दार उघडलं आणि आत वाकून बघितलं. सरळ झालेल्या चष्म्यातून सगळं कसं लख्ख दिसत होतं. क्लचच्या पायपट्टीवरचं रबर डाव्या कडेला घासून चकचकीत झालं होतं आणि उरलेल्या भागावरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. अगदी अशीच पायपट्टी त्यांच्या घरात आणखी एक होती, व्हॅनमध्ये. ती व्हॅन चालवताना पाऊल सरळ ठेव, पावलाच्या कडेने क्लच दाबू नकोस, असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता, पण चिमीची ती खोड काही गेली नव्हती.

"गाडी यांची," त्यांनी चिमीला विचारलं, "पण चालवतं कोण?"

चिमीने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवालाच कबूल झाला, की त्याला गाडी चालवायची भीती वाटते. वडिलांनी हौसेने घेऊन दिली, पण रस्त्यावर आला की त्याचे हातपाय गार पडतात. म्हणून कुठेही जायचं तरी चिमी चालवते आणि तो शेजारी बसून बाहेरची गंमत बघतो. आज आणायला हवीच होती, म्हणून देवाचं नाव घेत एकटा आला.

मग चिमीही बोलती झाली. जुन्या बाजारामागच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी असताना यानेच तिला लग्नाचं विचारलं. तिला इतका आनंद झाला, इतका, की काय करावं ते सुचेना, म्हणून तिने गाडीच सुरू केली. चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून काय करायचं ते बाबांनी शिकवलेलं अंगात मुरलं होतं. हँडब्रेक ओढायचा, रेस द्यायची, क्लच सोडायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. तिने सगळं केलं, फक्त शेवटचं राहिलं. चाकं किंचाळली, मैदानभर धूर झाला, आणि हे महाशय डोळे मिटून विचारत राहिले, की म्हणजे हो का नाही.

"मग काय म्हणालीस?" उस्तादांनी विचारलं.

"धूर जाईपर्यंत थांबले. मग हो म्हणाले." चिमीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "पुढे मात्र उगीचच करत राहिले, बाबा. आवडलं मला."

उस्तादांनी तोंड फिरवलं आणि हत्यारांच्या फळीवर काहीतरी शोधायचं नाटक केलं. ही करामत आपल्याच शिकवणीची निघाली, याचा राग यायला हवा होता. पण त्यांना दिसत होतं ते एवढंच, की पोरगी त्या धुरात किती खुशीत बसली असेल, आणि शेजारी तो भित्रा प्राणी जीव मुठीत धरून तिथेच बसला असेल. आणि आज तिच्यासाठी खोटं बोलायला तोच पुढे झाला होता. त्यांचं मन भरून आलं.

"उद्या संध्याकाळी ये," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "क्लच आणि माउंटिंग दोन्ही बदलू. तू दिवा धर. आणि झालं की चढावर गाडी कशी उचलायची ते मी शिकवतो तुला, शेवटपर्यंत."

चिमी येऊन बापाच्या गळ्यात पडली आणि त्यांच्या अंगावरचं सगळं ग्रीस तिच्या नव्या कुडत्याला लागलं. मागून बायकोने विचारलं, की अहो, मग शेवटी काय निघालं तपासणीत.

"मुलगा चोख आहे," उस्ताद म्हणाले. "गाडी तेवढी वाईट संगतीला लागली होती."