जनरेटरचा ओटा

"माह्या भिंतीकडं त्याचं तोंड करशान तं सांगून ठेवतो भैयाजी, आपलं बोलनं बंद!"

हे मी बोललो, आणि मे महिन्याच्या भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून बोललो. समोर भैयाजींच्या अंगणात खोक्यातून नुकताच काढलेला लाल जनरेटर होता आणि त्याचं धूर सोडायचं नळकांडं नेमकं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर रोखलेलं होतं. भैयाजी माझे शेजारी. भिंतीला भिंत लागून. वय पासष्ट, तीन एकर धान, आणि एखादी गोष्ट आपल्याला येत नाही असं जन्मात एकदाही न म्हणालेला माणूस.

"धूर वरतं जाते, बाजूले नाई जात," ते म्हणाले. "तुले का समजते बे मशीनमधलं?"

"आन् तुमाले?"

"मले समजत नाई असं हाय का काई?"

तेवढ्यात त्यांच्या शकुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अजी, घरातच ठेवा ना. पलंगाखाली मावते. बाहेर राह्यला तं कोनी उचलून नेईन."

वायरिंग करायला आलेला बिरजू पक्कड हातात घेऊन हसायलाच लागला. "काकू, घरात चालू केला तं धुरानं सगळे असे झोपान का उठनार नाई कोनी. हा बाहेरच पाह्यजे."

मग पाऊण तास भांडण झालं. माझ्याकडची बाजू मी देईना. गोठ्यामागची जागा बिरजूने दाखवली, पण तिथवर वायर ओढायला भैयाजी तयार होईनात, कारण ती कल्पना बिरजूची होती. शेवटी नळकांडं अंगणाकडे वळवून, भैयाजींच्या मुलाच्या, प्रफुलच्या खोलीच्या खिडकीखाली जनरेटर बसला. मी जिंकलो म्हणून घरी जाऊन आंब्याचं पन्हं प्यालो. त्या जिंकण्याची लाज मला पुढे वाटली, पण तेव्हा नाही.

आता हा जनरेटर आला कशासाठी ते सांगतो. भैयाजींची सून नीलिमा पहिल्या बाळंतपणाला बल्लारपूरला माहेरी गेली. पोरगी झाली, दिव्यानी नाव ठेवलं, पोरगी पाच महिन्यांची झाली तरी मायलेकींचा पत्ता नाही. नीलिमाचे वडील वामनराव पाठवतच नव्हते. कागद कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. त्यांचं एकच म्हणणं, "तुमच्या गावात दिवसातून दहादा लाईन जाते. या उन्हात माझी नात बिनाकूलरची राहणार नाही."

आणि म्हणणं खोटंही नव्हतं. आमचा पळसटोला सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला टेकलेला. तिथे वारा सुटला की लाईन जाते, वारा पडला की लाईन जाते, आणि काहीच झालं नाही तरीही जाते. नात पाहायची तर शकुबाईंना मोबाईलवर पाहावी लागे, आणि लाईन नसली की मोबाईलही मेलेला. एकदा नात कुशीवर वळली ते दाखवायला नीलिमाने फोन केला तेव्हा यांचा फोन बंद होता. त्या दिवशी शकुबाई जेवल्या नाहीत.

"आता ऊन हाय म्हनते," त्या मला म्हणाल्या, "पावसात म्हनन चिखल हाय, हिवाळ्यात म्हनन थंडी हाय. माही नात शाळेत जाईन तवाच या घरी येईन का रे सुनिल?"

भैयाजींनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला टेम्पोत घालून चंद्रपूरला नेलं. दुकानदाराने विचारलं, काय काय चालवायचं आहे? भैयाजी म्हणाले, "एक कूलर, एक पंखा, आन् पाच महिन्याची नात." दुकानदाराने मान डोलावली आणि त्या हिशोबाचा जनरेटर काढून दिला. माणूस शहाणा होता.

जोडणीच्या वेळी आणखी एक तमाशा झाला. भैयाजींनी दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर स्वतःच तयार करून ठेवली होती. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या बोर्डात, झालं काम! नेमका त्याच वेळी आमचे लाईनमन लटारूभाऊ सायकलीवरून जात होते. त्यांनी ती वायर पाहिली आणि सायकल तिथेच टाकली.

"भैयाजी, मले मारता का? तुमच्या मशीनचा करंट उलटा लाईनवर येईन. मी खांबावर असन, बेफिकीर, लाईन बंद हाय म्हनून! चिपकीन ना मी तिथीच!"

"एवढ्याशा मशीनचा करंट तुह्यापर्यंत कुठी येते?"

"येते म्हनून सांगून राह्यलो. चेंजओव्हर लावा. दांडी वर तं सरकारी लाईन, दांडी खाली तं तुमचा जनरेटर. दोन्ही एकदम भेटलेच नाई पाह्यजे."

त्यांनी ती वायर मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे खिशात घालून निघून गेले. बिरजूने मुकाट्याने चेंजओव्हर बसवला. भैयाजींनी नंतर गावभर सांगितलं की चेंजओव्हर ही आपलीच सूचना होती.

सगळं जमलं. वामनरावांना फोन गेला. ते म्हणाले, "रविवारी पोरीला घेऊन येतो. पण मी डोळ्यांनी बघणार. लाईन गेली आणि कूलर चालू राहिला, तर ठेवतो. नाहीतर संध्याकाळच्या पॅसेंजरने परत."

आणि गुरुवारी गावात नवी डीपी आली.

ती कोणाच्या अर्जांनी आली असेल? भैयाजींच्याच. दोन वर्षं त्यांनी वीज कार्यालयाला अर्जांवर अर्ज दिले होते आणि ते सगळे या आठवड्यात फळाला आले. जुना ट्रान्सफॉर्मर गेला, नवा बसला, आणि लाईन जाणं बंद झालं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. एकदाही नाही. सारं गाव खुशीत, आणि भैयाजी दर तासाला बल्बकडे बघून उसासा टाकत होते.

रविवारी सकाळच्या गाडीने पाहुणे आले. शकुबाईंनी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पोरीला छातीशी घेतलं ते सोडायलाच तयार नाहीत. दिव्यानीने त्यांची पोत तोंडात घातली. वामनराव मात्र घरात न जाता सरळ जनरेटरपाशी गेले. वाकून पाहिलं, हलवून पाहिलं, आणि खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"चालू करून दाखवू का इवाईभाऊ?" भैयाजी उतावीळ झाले.

"लाईन असताना चालू करून काय कळते? लाईन जाऊ द्या."

झालं. दोघे व्याही बाजेवर बसले आणि लाईन जायची वाट पाहू लागले. अकरा वाजले. बारा वाजले. कूलर सरकारी विजेवर सुसाट चालू. दिव्यानी त्याच्यासमोर झोपली. जेवणं झाली. एक वाजता भैयाजींनी मला डोळ्याने खुणावलं आणि आम्ही मागच्या दाराने लटारूभाऊंकडे गेलो.

"दहा मिनिटं बंद कर ना भाऊ लाईन," भैयाजी म्हणाले. ज्या माणसाला दोन वर्षं फोनवर शिव्या दिल्या त्याच्यापुढे त्यांनी हात जोडले.

"वरून परवानगी लागते जी."

"आन् दोन वर्षं कोनाच्या परवानगीनं जात होती?"

"तवा ते आपल्या मनानं जात होती," लटारूभाऊ गंभीरपणे म्हणाले. "आता नाई जात. म्या का करू?"

आम्ही परत फिरलो. भैयाजींचा चेहरा पाहवेना. तेव्हा डोकं माझंच चाललं. जुनी डीपी कशाने उडायची? सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की. मी घरोघर फिरलो. कूलर लावा, पंखे लावा, विहिरीवरचे पंप लावा, इस्त्री तापवा. कोणी का म्हणून विचारलं तर सांगितलं, शकुबाईच्या नातीसाठी. एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारलं नाही. आमच्या गावात एरवी दोन माणसांचं एकमत होत नाही, पण त्या दुपारी गिरणीवाल्याने धान नसताना धान कांडायचं मशीन रिकामं फिरवलं. गिरजाबाईने तर, बाई धन्य, अंगणात विजेची शेगडी मांडून उन्हात पाणी तापवायला घेतलं.

नवी डीपी गुणगुणत राहिली. अडीच वाजले. तीन वाजले. बल्ब जरासा पिवळा पडला, एवढंच.

साडेतीनला वामनराव उठले. "चला. गाडीचा वेळ झाला. पावसाळ्यात बघू."

प्रफुल खाली मान घालून बायकोची बॅग उचलायला गेला. शकुबाई मांडीवरच्या नातीचे पाय हातात धरून बसून राहिल्या. आणि तेवढ्यात गावाच्या टोकाकडून फाट् असा आवाज आला आणि कूलर घरघरत थांबला. गावाला मोटारी बंद करा असं सांगायला मी विसरलो होतो, आणि ते बरंच झालं.

"गेली!" भैयाजी एवढ्या आनंदाने ओरडले की गल्लीतली कुत्री उठली. "लाईन गेली!"

त्यांनी धावत जाऊन दोरी ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जनरेटर धडाडून सुरू झाला. बिरजूने चेंजओव्हरची दांडी खाली केली. कूलर फिरला, पंखा फिरला. भैयाजी कमरेवर हात ठेवून व्याह्याकडे पाहू लागले. वामनराव काही म्हणाले की नाही ते कळलंच नाही, कारण त्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. खिडकीचे गज थरथरत होते. कपाटावरचे डबे वाजत होते.

आणि सकाळपासून एकदाही न रडलेली दिव्यानी किंचाळली. अशी रडली की निळी पडायची बाकी राहिली. शकुबाईंनी थोपटलं, प्रफुलने खुळखुळा वाजवला, भैयाजींनी तोंडाने कावळ्याचा आवाज काढला. पोरगी काही ऐकेना.

नीलिमाने पोरीला उचललं आणि सरळ बाहेर कडुनिंबाखाली नेलं. "मामाजी, बंद करा ते!"

भैयाजींनी बंद केला. सगळं गाव एकदम शांत झालं. नीलिमाने सुपाने दोनचार वेळा वारा घातला. पोरीने दोन हुंदके दिले आणि निंबाच्या हलत्या पानांकडे बघत गप्प झाली.

"बघितलं?" वामनराव म्हणाले. "लाईन नसली तर गरमी, मशीन लावली तर हा आवाज. बॅग घे बेटा."

"नाई येत मी, बाबा."

सगळे तिच्याकडे बघू लागले. आठवडाभर तिच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता आणि तिला मात्र कोणीही विचारलं नव्हतं. मीही नाही.

"तिथी कूलर होता तरी रडतच होती ना हे. दात येऊन राह्यले तिले. दात येताना पोरगी बल्लारपुरात बी रडते आन् पळसटोल्यात बी रडते. माहं घर हे हाय. मी इथीच राह्यते."

वामनराव बॅगेचा बंद हातात धरून उभे राहिले. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मग हळूच, कोणाकडे न बघता ते म्हणाले, "मग मी घरी जाऊन काय करू?"

तेव्हा कुठे आम्हाला उमगलं. लाईन, ऊन, कूलर, कशाचाच काही संबंध नव्हता. पाच महिने घरात एक आवाज होता आणि या माणसाला तो इथे ठेवून रिकाम्या घराचं कुलूप उघडायला एकट्याने जायचं होतं. खोटं कशाला सांगू, दिवसभर मीच त्यांना मनात शिव्या घातल्या होत्या.

भैयाजींनी पुढे होऊन व्याह्याच्या हातातली बॅग घेतली. मग घसा खाकरला.

"इवाईभाऊ, हे मशीन मले जमत नाई."

माझा कानावर विश्वास बसेना. शकुबाईंनी तर पदर तोंडाला लावला.

"मले त्यातलं काईच समजत नाई," भैयाजी पुढे म्हणाले, आणि प्रत्येक शब्द त्यांना दाढ उपटल्यासारखा जड जात होता. "चुकीच्या जागी बसवला म्या. बिरजू सांगून राह्यला होता, गोठ्यामांगं न्या. तुमी तीस वर्षं मशीनीत काढले. चार दिवस राहून नीट बसवून द्यान का?"

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गोठ्यामागे जाऊन जागा पाहिली. पावलांनी अंतर मोजलं. परत आले तेव्हा आवाज पॉवर हाऊसमधला होता.

"चार दिवसात होत नाही. खाली सिमेंटचा ओटा पाहिजे, नाहीतर मशीन थरथरणारच. आणि ओट्यावर निदान आठ दिवस पाणी मारावं लागते."

"मारू ना," भैयाजी म्हणाले. "घाई कोनाले हाय?"

त्या संध्याकाळची पॅसेंजर वामनरावांशिवाय गेली. दुसऱ्या दिवशी रेती आली, तिसऱ्या दिवशी ओटा झाला, आणि डीपीचा फ्यूज उन्हात बदलावा लागला म्हणून लटारूभाऊंनी सगळ्या गावाला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

या गोष्टीला आज महिना होत आला. ओटा दगडासारखा झाला आहे, वर धान कांडायचं मशीन बसवलं तरी हलणार नाही. जनरेटर अजून अंगणातच ताडपत्रीखाली आहे. रोज सकाळ-संध्याकाळ वामनराव एका खांद्यावर दिव्यानीला घेऊन, दुसऱ्या हाताने बादली उचलून गोठ्यामागे जातात आणि ओट्यावर पाणी मारतात. मग भैयाजी येतात, वाकून ओट्यावर बोटाने टकटक करतात, आणि मान हलवून म्हणतात, "कच्चा हाय अजून, इवाईभाऊ."