गुणवंतराव गुरुजींचे सातरंगी मासे

जावयानं कलकत्त्याहून मासे आणून दिले, तेव्हा ब्रह्मपुरीच्या गुणवंतराव गुरुजींनी निम्म्या गावाला आवतण दिलं, "इंद्रधनुष्य पाहायला या!" सदतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. पेटीही त्यांनी हौसेनं करवून घेतली होती. पत्र्याची चौकट, फटींत लांबी भरून पक्क्या बसवलेल्या काचा, वर लाकडी झाकण.

लोक आले. पाहतात तर सहा बोटभर मासे, मळक्या चांदीसारखे, एका कोपऱ्यात अंग चोरून उभे.

"गुरुजी, रंग रस्त्यातच धुतल्या गेला का?" पत्रू शिंप्यानं विचारलं, अन् ओसरीवर हशा पिकला.

गुरुजी हट्टाला पेटले. रोज सकाळी सगळं पाणी काढायचे, विहिरीचं थंडगार पाणी भरायचे, वरून भाताची शितं टाकायचे. चौथ्या दिवशी एक मासा उलटा तरंगला. वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, तुमच्या हौसेपायी मुके जीव मरून राह्यले." गुरुजी त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गुणाबाई ढिवरीण रिकामं टोपलं घेऊन दारावरून चालली होती. गावच्या तलावात तिच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकलेली. गुरुजींनी लाज गिळून हाक मारली, "गुणाबाई, माझे मासे जरा पाहतेस का?"

त्या घरात मासळी कधी शिजली नव्हती, अन् गुणाबाई कधी पायरी चढली नव्हती. ती खालूनच मान उंच करून पाहू लागली.

"तिथून काय दिसन, बाई? आत ये," वच्छलाबाईच म्हणाल्या.

गुणाबाई पेटीसमोर उकिडवी बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, याइनं तुमचं काय बिघडवलं?"

"काऊन, असं का म्हणतेस?"

"रोज पाणी बदलवता, म्हंजे रोज याइचं गाव बदलवता. लपाले झुडूप नाई, खाले किडा नाई. मले असं उघड्यावर बसवलं असतं, तं माह्यावालाबी रंग उडाला असता."

वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला. गुरुजींना इतकं स्पष्ट कोणी सदतीस वर्षांत सुनावलं नव्हतं. त्यांनी वही काढली. "सांग, लिहून घेतो."

गुणाबाईनं तलावातून बारीक पानांचं शेवाळ आणलं, ते धुऊन पेटीत सोडलं. पाणी बदलायचं ते आठवड्यातून चार तांबे, तेही उन्हात तापलेलं नको अन् विहिरीचं गार नको, रात्रभर घरात ठेवलेलं. भात बंद, रांजणाच्या बुडातले डासांचे वळवळते किडे चालू. पेटी खिडकीशी सरकवली.

बारा दिवस गेले. एका सकाळी वच्छलाबाई सडा टाकता टाकता ओरडल्या, "अवो, धावा!"

कोवळं ऊन पेटीत उतरलं होतं, अन् दोन नर एकमेकांसमोर पर फुलवून फिरत होते. पाठ निळी, कुशीवर केशरी पट्टे, पोटाखाली हिरवट झाक. वळले की रंग पालटायचा. गुरुजी पायात जोडा न घालता पत्रूच्या दुकानाकडे धावले. पत्रू सुई हातात घेऊनच आला अन् काचेला नाक लावून उभा राहिला. "गुरुजी, माफी!"

त्या गडबडीत झाकण उघडं राहिलं. एक नर उसळला तो थेट जमिनीवर. गुरुजी नुसते "अरे, अरे" करीत राहिले. वच्छलाबाईंनी ओला पदर पसरला, मासा अलगद उचलला अन् पाण्यात सोडला. मासा हाती धरायची त्यांची ती पहिलीच वेळ. दिवसभर त्या स्वतःचे तळवे पाहून हसत होत्या.

महिन्याभरानं शेवाळाला मोहरीहून बारीक अंडी चिकटलेली गुणाबाईला दिसली. "हे झुडूप दुसऱ्या घंगाळात ठेवा. मायबापच खातीन, भरवसा नाई." आठवड्यानं घंगाळात पापणीच्या केसाएवढी पिल्लं हलू लागली.

ती मोठी झाली तशी गुणाबाई एकदा अडखळत म्हणाली, "गुरुजी, सहा मले द्याल?"

"विकायला?"

"पाळाले. जनमभर मासोळी मारूनच पाह्यली. जिती कशी खेळते, ते आता पाह्यतो."

रविवारी गुरुजी-वच्छलाबाई मडकं घेऊन ढिवर मोहल्ल्यात गेले. गुणाबाईनं काचेची बरणी आधीच शेवाळ घालून खिडकीत मांडली होती. तिनं बाजेवर घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. वच्छलाबाईंनी तो बशीत ओतून फुंकला अन् दुसरा कप स्वतःहून मागून घेतला.