चुंबकाला न चिकटणारी तार

श्रीरामपुरात भंगाराची दुकानं पुष्कळ आहेत, पण अलीमइतका स्वतःच्या चुंबकावर फिदा झालेला दुकानदार दुसरा नसेल. दुकानात गल्ल्याशेजारी आणि एरवी खिशात असणारं ते काळं चुंबक तो कुठल्याही पत्र्याला लावायचा आणि निकाल देऊन मोकळा व्हायचा. चिकटलं की लोखंड, नाही चिकटलं की अस्सल स्टील. “अलीमचं चुंबक खोटं बोलत न्हाई,” हे तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि गिऱ्हाईक नसलं तर बायकोला.

पुणतांब्याचे शामकांतकाका त्याच्याकडे स्टीलची तार घ्यायला आले, तेव्हाही चुंबक असंच तयारीत होतं. काका जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, काकांनी घरातच पाण्यापासून हायड्रोजन काढायचा कारखाना मांडला होता. काचेची बरणी, तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात स्टीलच्या पट्ट्या. वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळलेला गॅस निघतो आणि तो बारीक सुईतून पेटवला की चष्म्याच्या काड्या जोडण्याजोगी नाजूक ज्योत मिळते. अडलं होतं ते फक्त झाकणापासून पट्ट्यांपर्यंत जाणाऱ्या तारेपाशी.

“साधी तार हे पाणी खाऊन टाकतं,” काका म्हणाले होते. “आणि वीज चालू असताना ती आत तुटली, तर ठिणगी पडणार. वरच्या मोकळ्या जागेत सगळा गॅस. मग बरणी राहत नाही आणि मीही राहत नाही.”

“मग करंट बंद करायचा पटकन.”

“ज्योत पेटलेली असताना करंट बंद केला, तर गॅसचा जोर कमी होतो आणि ज्योतच नळीतून आत शिरते. आधी सुई पाण्यात बुडवून ज्योत विझवायची, मग बटण. म्हणून तर तार महत्त्वाची, अलीम.”

काकांनी स्वतः एक तार आणली होती. दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कोल्हारच्या एका वेल्डरने दिलेली. अलीमने चुंबक लावलं. तार किंचित ओढली गेली आणि अलीमला हसू फुटलं. ओढून बारीक केलेली चांगली तारही थोडी चिकटते, असं वेल्डर म्हणाला होता, हे काका सांगत राहिले. अलीमने ऐकलंच नाही. ढिगातून एक जाड, चकचकीत तार काढली, चुंबक लावून दाखवलं. तार ढिम्म हलली नाही.

“जरा मऊ वाटते रे,” काका तार वाकवत म्हणाले.

“अस्सल माल नरमच असतो, काका. बिनघोर लावा. माजा शब्द.”

काका तार घेऊन गेले. त्या शब्दातली चूक बाहेर आली ती गुरुवारी सकाळी, अलीमच्या स्वयंपाकघरात.

कढईचा कान तुटला होता म्हणून खुर्शीदने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच तारेचा उरलेला तुकडा कढईला गुंडाळला होता. कढई गॅसवर तापली. तारेवरची चकाकी वितळली, थेंब होऊन ओट्यावर पडली, आणि खालून लालबुंद तांबं दिसू लागलं.

“अजी, ये तो कल्हई हय!” खुर्शीद ओरडली.

अलीम चहाचा कप हातात धरून बघतच राहिला. त्याच्या अब्बांनी जन्मभर गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई केली होती. त्या चकाकीवर हे घर उभं होतं. आणि पोराला कल्हई केलेलं तांबं ओळखू आलं नव्हतं. तांब्यालाही चुंबक चिकटत नाही, हे का त्याला माहीत नव्हतं? माहीत होतं, पण चार लोकांपुढे चुंबक लावलं की त्याला बाकी काही आठवायचं नाही.

त्याने काकांना फोन लावला. वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेव्हा त्याला आठवलं, काका बरणी चालू केली की फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचे, ठिणगी नको म्हणून. म्हणजे बरणी चालू होती.

गाडी काढून तो निघाला. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला, हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखला, एका ट्रॉलीवाल्याने आईवरून शिवी दिली तीही त्याने मुकाट घेतली. वाटेत दोनदा थांबून फोन लावला. कोणी उचलला नाही. ‘या अल्ला, माझी फजिती होऊ दे, पण त्यांना काही होऊ देऊ नको,’ एवढंच तो पुटपुटत होता.

काकांचं दार उघडंच होतं. आतून बारीक फुसफुस ऐकू येत होती.

काका काळा चष्मा लावून टेबलावर वाकले होते. हातातल्या सुईच्या टोकाला ज्योत, समोर चिमट्यात शोभाकाकूंच्या चष्म्याची तुटलेली काडी. काकू शेजारीच खुर्ची ओढून बसल्या होत्या. चष्मा नसल्यामुळे त्यांना टेबलापलीकडचं धुरकट दिसत होतं, आणि काळ्या काचेतून काकांना ज्योतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यामुळे बरणीतलं पाणी निळं झालंय, हे घरात कोणालाच कळलं नव्हतं.

अलीमला मात्र दारातूनच दिसलं. पाण्याची पातळी उतरली होती, आणि जिथे तार पाण्यातून बाहेर येत होती तिथे ती काळी पडून दोऱ्याएवढी उरली होती.

त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. अर्ध्यातच त्याने तो आवरला. ज्योत पेटलेली होती.

“काका, इजवा ते.”

“अलीम? थांब दोन मिनिटं. जोड बसतोय.”

काकूंना फोन आलाय असं सांगून बाहेर काढावं, काकांना काहीतरी निमित्त सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण निमित्तासाठी काका उठणार नव्हते. ते उठतील असं एकच वाक्य त्याच्याकडे होतं.

“काका, तार तांब्याची हाय,” तो शेवटी म्हणाला. “वरनं कल्हई हुती. मी चुकलो. पानी निळं झालंय, तार तुटाया आलीय.”

काकांनी मान वर केली नाही. हात तसाच ठेवून त्यांनी सुई हळूहळू शेजारच्या बादलीकडे नेली आणि पाण्यात बुडवली. चर्र झालं. ज्योत विझली, बुडबुडे येत राहिले.

“आता बटण,” ते म्हणाले.

अलीमने बटण दाबलं. फुसफुस थांबली.

काकांनी खिडक्या उघडल्या आणि काकूंना हाताला धरून ओसरीवर नेलं. बऱ्याच वेळाने, गॅस निघून गेल्यावर, काका आणि अलीम आत आले. झाकण काढून काकांनी लाकडी पट्टीने तारेला नुसता स्पर्श केला. ती तुटून पाण्यात पडली.

“काय झालं हो? काय पडलं?” काकू दारातून विचारत होत्या. अलीम खाली फरशीवरच बसला. काकू बसलेल्या त्या खुर्चीकडे त्याला बघवत नव्हतं.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते कपाटापाशी गेले आणि कोल्हारच्या वेल्डरची तार घेऊन आले. अलीमने हसून नाकारलेली ती तार त्यांनी त्याच्याच हातात ठेवली.

“ही चालेल?” त्यांनी विचारलं, अगदी पहिल्यासारखंच.

अलीमचा हात सवयीने खिशात गेला. घाईत निघतानाही चुंबक खिशात आलंच होतं. त्याने ते आत तसंच राहू दिलं.

“मला म्हाईत न्हाई, काका,” तो म्हणाला. “येक तुकडा ह्याच पान्यात टाकून ठिवा. झाकन न लावता, अंगनात. त्याला करंट द्या, जाळ नको. थोडं दिस जाऊ द्या, मग आपुन दोगं बगू. त्या वेल्डरलाबी बोलवा.”

काकू चाचपडत आत आल्या आणि त्यांनी अर्धवट जोडलेली काडी उचलून डोळ्यांजवळ धरली. “आणि अलीम, तुझं ते चुंबक काय म्हणतं? ते तर कधी खोटं बोलत नाही ना?”

“ते न्हाईच बोललं खोटं, काकू,” अलीम म्हणाला. “ते लोखंडापुरतंच बोलत हुतं. बाकीचं समदं मी बोलत हुतो.”