सत्तावीसशे विरुद्ध दोन हजार

ऑगस्टमधला तो रविवार अगदी नेहमीसारखा होता. ग्रेटा पिट्सबर्गहून तीन तास गाडी हाकत आली, तेव्हा तिचे वडील हार्लन स्टॉफर मागच्या अंगणात, भर उन्हात, टोमॅटोच्या रोपांवर टॉर्च मारत उभे होते.

"डॅड, सूर्य दिसतोय ना तुला?"

"पानांखाली गोगलगायी असतात. तुला शहरात काय कळणार," म्हातारा म्हणाला आणि टॉर्च पटकन खिशात घातला.

कमरेच्या पट्ट्याला त्याचा स्कॅनर खरखरत होता. हा हातात मावणारा रेडिओ काउंटीतल्या आगी, अपघात, रुग्णवाहिका सगळ्यांचं बोलणं ऐकवतो. स्वतः मात्र एक अक्षर बोलत नाही. हार्लननं चाळीस वर्षं गावच्या अग्निशमन दलात बिनपगारी आगी विझवल्या. गुडघे गेल्यावर तो पिवळं जाकीट घालून आगीच्या ठिकाणी गाड्या अडवायला उभा राहू लागला. त्याचा क्रमांक चौदा-सात. आता तेही सुटलं होतं, पण कान ड्यूटीवरच होते. मिसेस लाँगनेकर न्हाणीघरात घसरल्या की रुग्णवाहिका पोचायच्या आत हा त्यांना फोन करून विचारायचा, "उजवी बाजू की डावी?"

स्कॅनरला दोन पेन्सिल सेल लागायचे, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे; ते संपत आले की तो टीं टीं करायचा. त्यावरून बापलेकीत तीन वर्षं जुंपली होती. ग्रेटानं वाढदिवसाला सेल दिले होते, त्यांच्या वेष्टनावर क्षमतेचा ठळक आकडा होता, सत्तावीसशे. हार्लनच्या फिक्या पांढऱ्या सेलांवर फक्त दोन हजार.

"आकडा मोठा म्हणजे जास्त वेळ चालणार. शाळेतलं गणित आहे," ती म्हणायची.

"चार्जरमधून काढून लगेच घातले तर चालतील. पण ड्रॉवरमध्ये पडून राहिले की तुझे आपोआप झिरपतात. माझे तीन महिन्यांनी काढले तरी तय्यार. आग काय आधी कळवून लागते? असे सेल म्हणजे तुझा तो ब्रायन! वेष्टनावर आकडा मोठा, आणि गरजेच्या वेळी टीं टीं."

ब्रायनशी तिचं लग्न चार वर्षं टिकलं होतं. हार्लननं ते साखरपुड्यालाच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. ग्रेटा तेव्हाही काही बोलली नव्हती आणि घटस्फोटानंतरही नाही. 'तुझं बरोबर होतं' हे वाक्य स्टॉफरांच्या घरात कुणी कुणाला म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

म्हणूनच मेअखेरीस लागलेली पैज साधी नव्हती. दोन्ही जोड्या एकाच दिवशी पूर्ण चार्ज करायच्या, बिस्किटांच्या डब्यात घालायच्या, वर चिकटपट्टी आणि पट्टीवर दोघांच्या सह्या. सप्टेंबरात दलाच्या निधीसाठी दरवर्षी होणाऱ्या कोंबडी-जेवणाच्या दिवशी डबा फोडायचा. ज्याची जोडी आधी मान टाकेल त्यानं सगळ्या गावासमोर उभं राहून ते वाक्य म्हणायचं. साक्षीदार शेजारचा ऑर्विल क्लाइन. हार्लनचा साठ वर्षांचा दोस्त, ग्रेटाचा ऑर्विल अंकल.

त्या रविवारी तिनं फडताळातला डबा उचलून पाहिला. "पट्टी नवी दिसतेय."

"हवा कोरडी आहे," हार्लन म्हणाला.

टेबलाशी ॲपल पाय खात बसलेल्या ऑर्विलला एकाएकी जोराचा ठसका लागला.

निघताना हार्लन गाडीच्या खिडकीशी वाकला. "भाषणाची तयारी कर. खणखणीत आवाजात म्हणायचंय. मागच्या टेबलांना ऐकू यायला हवं."

"तूच कर. घसा आत्तापासून शेकत बैस."

मंगळवारी सकाळी तो टोमॅटोंच्या वाफ्यात पडला. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी पाहून फोन केला आणि कॉल काउंटीभर गेला. त्याच्या स्वतःच्या कमरेवरही तो वाजला असणार. आपल्या रेडिओवर पत्ता ऐकून ऑर्विल कुंपण ओलांडून धावला, पण तोवर सगळं संपलं होतं.

शनिवारी दफन. दलाच्या रीतीप्रमाणे दफनभूमीत शेवटची हाक व्हायची होती: काउंटीच्या रेडिओवरून गेलेल्याचा क्रमांक तीनदा पुकारतात, उत्तराची वाट पाहतात, आणि मग त्याची ड्यूटी संपल्याचं जाहीर करतात. बंबाच्या कर्ण्यावर ती सगळ्यांना ऐकू येणार होती. पण ग्रेटाला ती डॅडच्याच स्कॅनरवर ऐकायची होती. बाकी कशावर ऐकली तर ती दुसऱ्याच कुणासाठी आहे असं वाटलं असतं.

चार्जर ओट्यावरच होता. ग्रेटानं त्याला हात लावला नाही. बिस्किटांचा डबा फोडला, आपली सत्तावीसशेची जोडी स्कॅनरमध्ये बसवली आणि त्याची जोडी कोटाच्या खिशात टाकली. पैज ती पैज.

दफनभूमीच्या फाटकाशी स्कॅनर सुरू केला. पडदा उजळला. ग्रेटानं अंगठ्यानं आवाज वाढवला, आणि टीं टीं. पुन्हा टीं टीं. पडदा काळा पडला.

ऑर्विलनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"अंकल?"

"काही नाही."

"अंकल, तुमचे कान लाल झालेत."

"तुझी जोडी हरली नाही गं," म्हातारा पुटपुटला. "त्यानं हरवली. दर आठवड्याला डबा फोडायचा, तुझे सेल टॉर्चमध्ये घालायचा आणि टोमॅटोंवर पाजळत बसायचा. त्या रविवारी तर तू यायच्या आतच काम उरकत होता. सापडलाच असता."

"म्हणजे त्या गोगलगायी..."

"एकही नव्हती."

"आणि पट्टी? त्या रविवारी मी डबा उचलला तेव्हा ती तर लावलेली होती. आणि माझे सेल त्याच्या खिशातल्या टॉर्चमध्ये!"

"डब्याला पट्टी असली की उघडून कोण बघतं? तू नाही बघितलंस."

"त्यावर माझी सही होती!"

ऑर्विलनं बुटांकडे पाहिलं. "ती मी करायचो. त्याच्या हातून तुझा इंग्रजी जी नीट यायचा नाही."

ग्रेटानं तोंडावर हात धरला. पाळक मिस्टर हर्शी लांबून समजुतीनं मान हलवू लागले. त्यांना वाटलं तिला रडू फुटलं. तसं ते थोडं फुटलंही होतं, पण हसणं आधी आलं.

"लबाड थेरडा," ती म्हणाली.

"लबाड खराच. पण पैज लागायच्या आधी त्यानं तीन महिने एकट्यानं ताडून पाहिलं होतं. तुझे खरंच झिरपतात. फक्त थोडेच. तेवढ्यानं तू कबूल झाली नसतीस."

"नसतेच झाले."

बंबाशेजारी सगळे रांगेत उभे राहिले. ग्रेटानं खिशातली पांढरी जोडी काढली. घाईत एक सेल उलटा बसला, तो काढून सुलटा केला. मेअखेरीस चार्ज केलेले, तेव्हापासून डब्यात पडून असलेले सेल. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

खरखर. मग काउंटीच्या नियंत्रण कक्षातल्या डॉटीचा आवाज. ही वीस वर्षं त्याला कॉल देत आली होती.

"काउंटीकडून चौदा-सातला."

ग्रेटानं आवाज वाढवला.

"काउंटीकडून चौदा-सातला."

ऑर्विलनं टोपी छातीशी धरली.

"काउंटीकडून चौदा-सातला. उत्तर द्या."

स्कॅनर फक्त ऐकवतो, त्यातून काही पलीकडे जात नाही, हे त्या दफनभूमीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ग्रेटानं तो तोंडाजवळ नेला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"डॅड, तुझं बरोबर होतं. सेलांचं, आणि ब्रायनचंही."